बत्तीस अनारशांचं वाण

११ मार्च २०२३, शनिवार

सकाळी तेजलचा दुबईहून फोन. वाल्मीकची मुलगी. नवरा, रोहित, फार कडक वागतो, एकटीला खाली जाऊ देत नाही, फोनही त्याच्याकडेच असतो, वगैरे. रडवेली झाली होती. मी समजावलं. नवीन मशीन असो की नवा संसार, सेटिंगला वेळ लागतोच. सहा महिने थांब म्हटलं, वडिलांना उगाच काळजीत टाकू नकोस हेही बजावलं. "हो काका," म्हणाली. पोरगी समजूतदार आहे. शेवटी स्थळ मी सुचवलेलं, सल्लाही मलाच मागणार.

दुपारी पाण्याची टाकी धुतली. तळाशी दोन इंच गाळ निघाला.

१६ जुलै, रविवार

वाल्मीक सिन्नरहून सकाळच्या एसटीने आला. आम्ही अंबडच्या एकाच कारखान्यात तीस वर्षं काढली, तो लेथवर, मी क्वालिटीत. त्याने केलेला जॉब मी तपासायचा, हेच आमचं नातं. रिटायर झालो तरी तो माझ्यासमोर वस्तू ठेवतो आणि मी ती उलटी करून बघतो.

आज त्याने ठेवली ती भलतीच वस्तू. म्हणाला, "शाम, दुबईला चल माझ्यासंगं."

परवापासून अधिक महिना लागतोय. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून शेजारी बसवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तेजलच्या लग्नानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. त्याच्या बायकोचे, लंकाबाईंचे गुडघे गेलेत, म्हणून वाण घेऊन वाल्मीक एकटाच निघालाय. मी म्हटलं, "अरे, कुरियरने पाठव की!" तर म्हणतो, "कुरियरवाला काय कुंकू लावनार हाय व्हय?"

मग हळूच म्हणाला, दोन महिने झाले, तेजल फोनवर दिसत नाही, नुसते मेसेज येतात. मी हसलो. आजकालच्या पोरींना आईबापासाठी वेळ कुठे असतो? आमचा मुलगा पुण्यात राहून दिवाळीला उगवतो. वाल्मीक चहा अर्धाच प्यायला.

कुसुमला विचारलं. "अहो, जा ना," म्हणाली. "तुमच्याशिवाय त्यांचं कोण आहे इंग्रजी बोलणारं?" तसा वाल्मीकचा पुतण्या कंप्युटरमध्ये आहे, पण अनुभवाचं काम अनुभवी माणसालाच जमतं.

२८ जुलै, शुक्रवार

व्हिसा आले. वाल्मीकचं गणित मला समजत नाही. ५ ऑगस्टला पहाटे उतरायचं आणि ६ ला दुपारी परत. एवढा खर्च करून दुबईला एक दिवस कोण जातं? "एक दिस बास," म्हणतो. वर येतानाचं तिसरं तिकीट तेजलच्या नावाने काढलंय. लग्नाच्या वेळची पासपोर्टची झेरॉक्स जपून ठेवली होती म्हणे. चार दिवस माहेरी आणायचं असेल. रोहितला विचारलंस का म्हटलं, तर "इचारतो तिथं गेल्यावर."

माझ्या परीने मी काटेकोर कार्यक्रम आखला आहे. सकाळी जुनी दुबई, दुपारी विश्रांती, संध्याकाळी ती उंच इमारत आणि कारंजं, मध्ये तासभर वाण.

एजंटने न्यायला बंदी असलेल्या वस्तूंची यादी दिली. तिच्यात खसखस! अफूची बी म्हणून तिथे चक्क गुन्हा धरतात. अनारशाला खसखस नाही तर काय लावणार? लगेच फोन केला. वाल्मीक म्हणाला, लंकाबाईंना सांगितलंय, तीळ लावतील. यादीतल्या त्या ओळीसमोर लाल शाईने बरोबरची खूण केली.

३ ऑगस्ट, गुरुवार

रोहितचा मेसेज, आम्ही शनिवार-रविवार अबुधाबीला आहोत, येऊ नका. मी वाल्मीकला म्हटलं, तिकिटं पुढे ढकलू. त्याने मेसेज दोनदा वाचला. "जायचं," म्हणाला. "घराला कुलूप असंल तर कुलपाला ओवाळीन."

या माणसाचा हट्ट मला तीस वर्षं ठाऊक आहे. बोजवारा उडणार, दुसरं काय.

५ ऑगस्ट, शनिवार. दुबई

सकाळी ११. हॉटेलमध्ये बसून लिहितोय.

विमान, इमिग्रेशन, सगळं सुरळीत. स्टीलचा डबा एक्स-रेमधून गेला, कुणी हूं की चूं केलं नाही. मी वाल्मीकला ऐटीत म्हटलं, बघ, यादी वाचण्याचा फायदा.

सामान टाकून आधी तेजलचं घर बघू म्हणाला. ड्रायव्हर नसलेल्या मेट्रोत अगदी पुढे बसलो. मला लहान मुलासारखा आनंद झाला, वाल्मीक मात्र स्टेशनं मोजत होता. अल नहदा भागातली इमारत, आठवा मजला. खाली पेशावरकडचा एक म्हातारा वॉचमन. वाल्मीकला बघताच उठून उभा राहिला, "आप मॅडम के वालिद हैं?" त्याने कसं ओळखलं कोण जाणे. वाल्मीकने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. असा कुणाच्याही गळ्यात पडतो तो.

वर बेल वाजवली. तीनदा. कुणी नाही. दारातून फोडणीचा वास येत होता. शेजारचा असेल, मी म्हटलं. वाल्मीक दाराला पंजा लावून उभा राहिला, हलेचना. "चल, लोक बघतायत," मी म्हटलं. तर दाराशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "तेजे, सांच्याला येतो." रिकाम्या घराला कोण असं सांगतं? ऊन डोक्यात गेलं असेल, बाहेर बेचाळीस अंश आहे.

हॉटेलवर आल्यावर अनारसे फुटले का बघावं म्हणून डबा उघडला. खसखस. तीळ नाही. प्रत्येक अनारशावर, काठोकाठ, दाबून लावलेली खसखस.

वाल्मीकला दाखवलं. तो खाली बसला. "लंका म्हनली व्हती, बिगर खसखशीचा अनारसा म्हंजी भाकर. मला वाटलं बोलाया म्हनली."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता टाकून देऊ. त्याने डबा पोटाशी धरला. "वाण नसलं तर त्यो दार उघडनार नाय, शाम. सासऱ्याला नाय म्हनंल, वाणाला नाय म्हनता यायचं नाय त्याला."

एवढी श्रद्धा बरी नव्हे. तुरुंगात श्रद्धा चालत नाही. पण ऐकेल तर वाल्मीक कसला! बडबडत रात्रभराच्या जागरणाने आडवा झाला आणि आता घोरतोय. डबा उशाशी आहे.

दुपारी १. मी एक काम केलंय. कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

डबा हळूच काढला, बाथरूममध्ये गेलो, कडी लावली. चहाच्या चमच्याने एकेक अनारसा खरवडला. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं बारीक काम केलं नसेल. बी आत रुतलेलं, जोर लावला तर अनारसा मोडणार. चष्म्याच्या काचेवर घाम ठिबकत होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाची पावलं वाजली की हात थांबायचा. खरवड फ्लश केली, पाच वेळा. पाईपात अडकली असेल का? डबा साबणाने धुतला, पुसला. प्रत्येक नग दोनदा उलटसुलट तपासला.

एकोणिसावा हातात मोडला. त्याचा चुरा मी खाऊन टाकला. बत्तीस उरले.

आता ते वाण नाही, रिवर्क केलेला, नापास होऊन दुरुस्त केलेला लॉट आहे. तेहतीसचा नेम मोडला, लंकाबाईंच्या हाताची शोभा गेली. वाल्मीकला कळलं तर आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. पण तुरुंगाबाहेर राहील.

संध्याकाळी ६. चार वाजता पुन्हा तेजलच्या इमारतीखाली. मग होडीने खाडीपलीकडे, सोन्याच्या बाजारातून, मग परत होडीने अलीकडे. मी त्याला दाखवतोय, हे बघ, ते बघ. त्याचं लक्ष मोबाईलच्या घड्याळात. देवळाच्या गल्लीत मोगऱ्याचा गजरा घेतला, ओल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. ती उंच इमारत लांबून पाहून म्हणाला, "लय उंच हाय. चल." माझ्या कार्यक्रमाची पार वाट लागली आहे.

एका बाकावर बसून मी विचारलं, "तुला नेमकं झालंय काय?" तो म्हणाला, "तू बघशीलच की."

पोलिसांची गाडी शेजारून गेली.  डब्यात आता काही नाही, हे त्याला सांगून टाकावं का? नको.

६ ऑगस्ट, रविवार. पहाटे ४, हॉटेल

झोप येणं शक्य नाही. जसं घडलं तसं लिहितो.

साडेआठला इमारतीत शिरलो. वॉचमनने वाल्मीकला पाहून बोट वर केलं, "साहब आ गये हैं." वर पोचल्यावर वाल्मीकने बेल दाबली नाही. आधी फोन काढून वत्सलाबाईंना व्हिडिओ लावला. रोहितची आई, आमच्या सिडकोतल्या. त्याचे वडील आमच्याच कारखान्यात स्टोअरला होते. नाशकात दहा वाजले होते, तरी त्या नणंदांना घेऊन तयारीत बसल्या होत्या. त्याने हे आधीच ठरवून ठेवलेलं. मग बेल.

रोहितने दार उघडलं ते त्याच्या आईच्या चेहऱ्यासमोर. "अरे, मामांना आत घे ना," ती फोनमधून म्हणाली. त्याने घेतलं. आत्ताच अबुधाबीहून आलो, म्हणाला. गॅसवर सकाळची आमटी होती.

"आणि आमची लक्ष्मी कुठाय?" वत्सलाबाई म्हणाल्या. "जोडीने बसा बघू पाटावर."

रोहित आतल्या खोलीकडे गेला आणि त्याने कडी काढली. बाहेरून लावलेली कडी. मी स्वतः पाहिलं. पितळी, चार इंची, नवीन बसवलेली.

तेजल बाहेर आली. लग्नात मनगटात घट्ट बसणाऱ्या तिच्या हिरव्या बांगड्या हात उचलला की कोपराला जात होत्या. तिने आधी रोहितकडे बघितलं. त्याने मान हलवल्यावर बसली.  सकाळची फोडणी, दाराला लावलेला पंजा, "सांच्याला येतो", सगळं एकदम उलगडलं. दुपारभर मी या माणसाला बाजार दाखवत होतो.

वाल्मीक कामाला लागला. कुंकू लावलं, गजरा तिच्या हातात दिला, ताटात अनारसे रचले, दिवा लावला. ताटाकडे बघून क्षणभर थांबला, मग माझ्याकडे बघितलं. मी एसीकडे बघत राहिलो.

"अगंबाई, अनारसे असे टकले का?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"घाई झाली, ताई," वाल्मीक म्हणाला. "ताई, धोंड्याचा महिना हाय. लेकीला चार दिस म्हायेरी नेऊ का?"

"न्या की! विचारायचं काय त्यात?"

रोहित हसत म्हणाला, नेटवर्क जातंय, आणि फोन घेऊन बंद केला. मग हसू पुसलं गेलं.

"ती कुठेही जाणार नाही, मामा."

 त्याने ताट स्वतःकडे ओढलं. शेवटी नाशिकचाच मुलगा तो, घरी अनारसे खाऊनच वाढलेला. "टकले म्हणे. खसखस नसलेला अनारसा मी जन्मात पाहिला नाही. इथे खसखशीला काय शिक्षा आहे, माहीत आहे का? एक फोन करतो. दोघं आत जाल, ही इथेच राहील."

त्याने एक उचलला. उलटा केला, दिव्याजवळ धरला. दुसरा. तिसरा. नखाने कडा उकरून पाहिली. मी आयुष्यभर लोकांचा माल असाच तपासला, समोर उभं राहणाऱ्याला काय वाटतं ते मला आज कळलं. एखादा दाणा राहिला असेल तर? एकोणिसाव्यानंतर माझे डोळे थकले होते. वाल्मीक ताटावरून नजर काढत नव्हता. खसखस खरवडलेली त्याला दिसत होती, पण दाणा न् दाणा गेलाय की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं.

सातव्या अनारशाला मला आवाज फुटला.

"सगळे बघ. बत्तीस आहेत, मीच मोजलेत. मग लाव फोन. मी बोलतो त्यांच्याशी, इंग्रजीत. खसखशीचं बोलून झालं की त्या खोलीला बाहेरून कडी का आहे तेही सांगतो."

रोहितने फोन हातात घेतला. अंगठा काचेवर तसाच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात मी काटा बघत होतो, पाव मिनिट गेलं असेल, जास्त नाही.

तेव्हा तेजल बोलली. वर न बघता. "अण्णा, पासपोर्ट कपाटात आहे. वरच्या कप्प्यात, माझ्या शालूच्या घडीत."

वाल्मीक उठला. रोहित आडवा आला. वाल्मीकने हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. "सरक," म्हणाला, मशीनवर चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणतात तसं. तो सरकला.

वाल्मीकने पासपोर्ट काढून घेतला, मी ताटातले अनारसे डब्यात भरले आणि आम्ही तिघं लिफ्टने खाली आलो. तिच्या पायात चपलाही घरातल्याच होत्या. वॉचमनने टॅक्सी थांबवून ठेवली होती. तेजल त्याच्या पाया पडली, तो गडबडून मागे झाला. जुलैमध्ये कचरा टाकायला खाली आली असताना त्याच्याच फोनवरून तिने बापाला दोन मिनिटांचा फोन केला होता.

हॉटेलवर जायचं तर तेजल म्हणाली, "अण्णा, मला ते पाण्याचं कारंजं दाखवाल? दीड वर्ष झालं इथे. खिडकीतून फक्त पार्किंग दिसायचं."

गेलो. गर्दीत वाल्मीकने तिचा हात सोडला नाही आणि मी मागे वळून वळून बघत राहिलो, रोहित येतो की काय. पाणी उसळलं तशी तिने तोंडावर हात घेतला. वाल्मीक पाण्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. तिथून खाडीवर आलो, होडीत बसलो. वारा गरमच, पण वारा होता. तिने गजरा केसात माळला. मग डबा उघडून एक अनारसा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा हातात धरला.

वाल्मीक पुढे नावाड्याशी खाणाखुणांनी बोलत होता. तेजल माझ्याजवळ सरकली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"काका, तुम्ही मार्चमध्ये सहा महिने थांब म्हणालात ना? मी कॅलेंडरवर खुणा करत होते. पाच झाले होते."

मला त्या फोनची आठवणही राहिली नव्हती.

६ ऑगस्ट, रात्र. मुंबई

विमानतळावर तेजलच्या पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत आम्ही तिघंही अधिकाऱ्याच्या हाताकडेच बघत होतो. बसला.

१० ऑगस्ट, गुरुवार. नाशिक

तीन दिवस ही वही उघडली नाही. काल रात्री मागे गेलो, ११ मार्चवर. साताठ ओळी. पोरगी समजूतदार आहे. स्थळ मी सुचवलेलं. पाण्याची टाकी धुतली.

टाकीचा गाळ दोन इंच होता, तो मोजून लिहिला आहे.

कुसुमला वाचून दाखवलं.  सकाळी उठलो तर तिने दशम्या बांधून ठेवल्या होत्या. "हे घेऊनच जा त्यांच्याकडे," म्हणाली. 'हे' म्हणजे दशम्या नव्हेत, ते मला कळलं. वही पिशवीत टाकली.

एसटीने सिन्नर, तिथून जीपने वाल्मीकच्या घरी. तेजल आतल्या खोलीत झोपली होती, दार सताड उघडं. वेणी सुटलेली. लंकाबाई दारात बसून कुणाला आवाज करू देत नव्हत्या. मला बघून खुणेनेच "बसा" म्हणाल्या.

मागच्या ओट्यावर बसून मी वाल्मीकला ११ मार्चचं पान वाचून दाखवलं. प्रत्येक ओळ. मग खसखशीचंही सांगितलं, आणि तेहतिसाव्या अनारशाचं.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला ठाव हाय. दोन मिन्टाच्या फोनात पयलं तेच बोलली ती, शामकाका म्हनले व्हते थांब म्हनून."

 "मग मला कशाला नेलंस? तुझा पुतण्या होता. इंग्रजी त्यालाही येतं."

"तुला घरी येऊन सांगितलं असतं तर तू काय म्हनला असता?"

 काय म्हणालो असतो ते १६ जुलैच्या पानावर आहे.

"तीस वर्सं बघतोय तुला," वाल्मीक म्हणाला. "सोताच्या हातानं मापल्याबिगर तू कुनाचं मानत नाय. म्हून म्हनलं, चल. तूच माप."

तेवढं बोलून तो उठला आणि गाईला पाणी दाखवायला गेला. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही. निघताना लंकाबाईंनी, आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं असणार, कागदात एक अनारसा बांधून दिला. "तुमचा मोडला ना तिकडं," म्हणाल्या. वर खसखस दाबून लावलेली होती.

रात्र झाली आहे. कारखान्यात नियम होता, नापास नोंद खोडायची नाही, फाडायची नाही. लाल शाईने शेरा लिहायचा, तारीख टाकायची, खाली सही आणि हुद्दा. ११ मार्चचं पान काढून तसा शेरा लिहिला. सही केली. हुद्द्याच्या जागी काय लिहावं ते बराच वेळ सुचलं नाही, ती जागा रिकामीच ठेवली आहे.